टीव्ही सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर आधी कपॅसिटर पाहा
बटण दाबल्यावर एलसीडी टीव्ही नुसताच टिकटिक करत असेल, दिवा लुकलुकत असेल आणि चित्र बऱ्याच वेळाने येत असेल, तर पॅनेलच गेले असे मानून नवा टीव्ही घेण्याआधी मेकॅनिकला पॉवर सप्लायच्या बोर्डावरील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) तपासायला सांगावेत. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा बहुधा फुगतो किंवा त्यावर तपकिरी चिकट डाग दिसतो. (न फुगताही तो निकामी झालेला असू शकतो, म्हणून मीटरने मोजून घेणे उत्तम.) नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा), तितक्याच किंवा थोड्या अधिक व्होल्टचा आणि १०५ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालणारा असावा, ८५ अंशांचा उष्णतेने लवकर जातो. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ टिकू शकतो, त्यामुळे सवय नसल्यास मागचे झाकण स्वतः उघडू नये.