जुना फोन रडतखडत चालतोय? नवा घेण्याआधी एक रविवार त्याला द्या

आईचा फोन २०१९ सालचा. रॅम (चालू कामांसाठीची तात्पुरती जागा) ३ जीबी, स्टोरेज (फोटो, ॲप साठवायची जागा) ३२ जीबी. गेल्या दिवाळीत तिनंच निकाल देऊन टाकला, "हा आता गेला. उचलायला बोट सरकवतेय तोवर समोरचा कंटाळून फोन ठेवतो." नवा घ्यायचं ठरलंही होतं. पण एका रविवारी सकाळी चहाचा कप आणि तो फोन घेऊन बसलो, दुपारच्या जेवणापर्यंत त्याच्या मागे लागलो, आणि तो अजून चालतोय. त्या दिवशी केलं ते क्रमानं सांगतो. फोन अँड्रॉइड आहे असं धरून चाललोय. मेनूतली नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असतील.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

फोन 'स्लो' होतो तेव्हा बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते. जागा संपलेली असते, बॅटरी थकलेली असते किंवा फोन तापत असतो. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून किती जागा शिल्लक आहे ते बघा. आईच्या फोनात ३२ पैकी जेमतेम ६०० एमबी उरले होते. फोनच्या स्टोरेजमध्ये नवं काही लिहायचं तर मोकळी जागा लागते. ती नसेल तर आतल्या आत हलवाहलव करण्यातच फोनचा वेळ जातो. पाहुण्यांनी भरलेल्या घरात स्वयंपाक करायचा तर आधी गाद्या उचलाव्या लागतात, तसं. ३२ जीबीच्या फोनात ४-५ जीबी तरी रिकामे हवेत, असा माझा हिशेब आहे.

व्हॉट्सॲप उपसा

निम्मा वेळ इथेच गेला. एकट्या व्हॉट्सॲपनं ११ जीबी खाल्ले होते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. वरती ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स असे दोन गठ्ठे दिसतील. फॉरवर्डवाला गठ्ठा डोळे मिटून उडवला तरी चालतो. खाली कोणत्या ग्रुपनं किती जागा घेतली त्याची यादी असते. आईच्या यादीत पहिला नंबर भिशीच्या ग्रुपचा. रोज सकाळी कमळ, समई आणि 'शुभ सकाळ', आणि ते एकाच बाईकडून नाही, सोळा जणींकडून.

मात्र सरसकट 'क्लिअर चॅट' दाबू नका. मी दाबणारच होतो, तेवढ्यात आईनं हात धरला. मावशी जाऊन दोन वर्षं झाली, तिचे व्हॉइस मेसेज त्या फोनात होते. तेव्हा घरच्या माणसाला शेजारी बसवा, जपायचं ते आधी कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. जपायच्या मेसेजना स्टार लावून ठेवला तर चॅट साफ करताना ते वगळता येतात. आम्ही दोन्ही केलं.

यानंतर दोन गोष्टी बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मधली मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हींखालची टिकमार्कं काढा. चॅट्समध्ये जाऊन 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे लोकांची समई तुमच्या गॅलरीत दिसणार नाही. आणि गॅलरीतून काढलेले फोटो बऱ्याच फोनांत ३० दिवस कचरापेटीत पडून असतात. तीही रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही.

ॲप काढा, 'क्लीनर' घालू नका

तीन महिन्यांत ज्याला हात लावला नाही ते ॲप काढून टाका. काही कंपनीनंच आत घातलेली असतात, ती निघत नाहीत. त्यांना 'डिसेबल' करा. फेसबुक, खरेदी, रेल्वेचं तिकीट, ही कामं ब्राउझरमध्येही होतात, त्यासाठी प्रत्येकाचं ॲप हवंच असं नाही.

'रॅम साफ करा, फोन बुलेटसारखा पळवा' म्हणणारी ॲप्स आईच्या फोनात तीन निघाली. अँड्रॉइड रॅम स्वतः सांभाळतं. ही ॲप्स मागची कामं जबरदस्तीनं बंद करतात, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि त्यात बॅटरी जाते. वर जाहिराती. तिन्ही घालवा.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीच्या साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज चार्ज केला तर दीड-दोन वर्षांतच हे होतं. ३० टक्के दाखवत असताना फोन पटकन बंद पडतो? मग बॅटरीच बदला. थकलेल्या बॅटरीमुळे फोनचा वेगही पडू शकतो. जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग मुद्दाम कमी केला जातो, हे ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं. पाठ फुगलेली किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर चार्जिंग तिथंच थांबवा. दाबू नका, टोचू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आणि 'चार्जिंग होत नाही' म्हणून बॅटरीला दोष देण्याआधी चार्जिंगचं भोक बघा. आईचा फोन कायम ओट्यावर, कणकेच्या डब्याशेजारी. केबल अर्धवटच आत जायची. फोन बंद केला, लाकडी टूथपिक तिरकी धरून कडेकडेनं हलकेच फिरवली, तर राखाडी रंगाची घट्ट गुठळी बाहेर आली. पिठाची पूड आणि पदराचे धागे, सात वर्षांचे थर. केबल 'टक' करून बसली. सुई किंवा पिन वापरू नका, आतल्या पिना वाकतात.

उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून रस्ता बघत जाणाऱ्यांचा फोन तापून मंद होणारच. एसीच्या झोतासमोर धरा, कव्हर काढा. त्याला दुसरा उपाय नाही.

एक छोटी युक्ती

'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा (काही फोनांत तो आणखी एका मेनूच्या आत असतो). 'डेव्हलपर ऑप्शन्स' खुले होतील. त्यात 'ॲनिमेशन स्केल'च्या तीन ओळी आहेत. तिन्ही १ वरून ०.५ करा. प्रोसेसर काही तरुण होत नाही, फक्त पडदे सरकायला निम्मा वेळ लागतो. पण हाताला फरक कळतो. तिथल्या बाकी कशाला हात लावू नका.

कुठं थांबायचं

सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची, म्हणजे फोनच्या सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या अपडेटची, तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर मुख्य बचत खातं या फोनला जोडलेलं ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत. आम्ही आईसाठी वेगळं छोटं खातं उघडलं, त्यात दोन-तीन हजार ठेवतो. भाजीवाल्याचा क्यूआर त्यावरच स्कॅन होतो. फारच जुन्या फोनांचा प्रश्न तर आधीच मिटलाय. अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनांवर ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपच चालत नाही.

एवढं करूनही फोन अडला, तर शेवटचा उपाय फॅक्टरी रीसेट. बॅकअप घ्या, आणि गुगल खात्याचा पासवर्ड आठवतोय का ते आधी तपासा. रीसेटनंतर फोन तेच जुनं खातं मागू शकतो. आमच्याकडे तो पासवर्ड किराणा मालाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, तुरडाळीच्या भावाखाली सापडला.