ट्रान्सक्रिप्शनचं काम नवीन घेताय? मग आधी ऑडिओ कन्व्हर्ट करायचं शिकून घ्या

पुण्यात ट्रान्सक्रिप्शनचं, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं, काम मिळणं तसं अवघड नाही, मराठी शुद्ध आणि भराभर टाइप करता येत असेल तर नाहीच. युनिव्हर्सिटीतले पीएचडीवाले, एनजीओ, डॉक्युमेंटरी करणारे, सगळ्यांकडे तासन्‌तास मुलाखती रेकॉर्ड करून पडलेल्या असतात आणि त्या टाइप करायला कुणाला वेळ नसतो. पेठांमधल्या अभ्यासिकेत बसणारी कितीतरी मुलं-मुली एमपीएससीच्या जोडीला हेच करून मेसचे पैसे काढतात. मी पण तशीच सुरुवात केली. आता नवीन कुणी विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, ताई टायपिंग स्पीड किती लागतो. अहो स्पीड येतो हळूहळू, पहिल्या दिवशी गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. फाइलच उघडत नाही, नाहीतर उघडते पण आवाज एकाच कानात येतो, नाहीतर टाइमस्टॅम्प, म्हणजे वाक्याशेजारी लिहायची वेळ, अर्ध्या तासानंतर सरकायला लागतो.

कारण लोक काय वाट्टेल ते पाठवतात. आयफोनवाला एमफोरए पाठवणार, व्हॉट्सॅपची व्हॉइस नोट ओपसमध्ये असणार, जुन्या अँड्रॉइडवर रेकॉर्ड केलेलं एएमआर नाहीतर थ्रीजीपी निघणार. एखादे डॉक्टर किंवा वकील साहेब जुन्या डिक्टेशन मशीनवर बोलत असतील तर डीएसएस किंवा डीएसटू येतं, त्यातलं डीएसटू तर पासवर्ड लावून बंद केलेलं असू शकतं. अशी फाइल आली की स्वतः झटापट करू नका, त्यांच्या ऑफिसमधूनच मशीनच्या सॉफ्टवेअरवर एमपीथ्री किंवा वेव्ह (डब्ल्यूएव्ही) करून मागवा, सरळ सांगा की नाहीतर काम सुरू होणार नाही.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फाइलच्या नावापुढचं एमफोरए, ओजीजी वगैरे ही बरणी झाली, आत लोणचं कुठलं घातलंय, म्हणजे आवाज कुठल्या पद्धतीने साठवलाय, ते वेगळं, त्याला कोडेक म्हणतात. त्यामुळे एक्स्टेन्शन रीनेम करून डॉट एमपीथ्री केलं तर आतलं काही बदलत नाही, काही प्लेअर चालवतात आणि सॉफ्टवेअर मात्र एरर देतं आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर बेकार आहे. आत काय आहे ते बघायला व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावा आणि कंट्रोल जे दाबा, कोडेक, चॅनल (आवाजाच्या वेगळ्या बाजू) किती, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतलीत, हर्ट्झमध्ये) किती सगळं समोर येतं. मी तर क्लायंटला कामाचा रेट सांगायच्या आधीच हे बघते.

कशात कन्व्हर्ट करायचं ते काम कसं करणार त्यावर आहे. कॉम्प्युटरकडून पहिला ड्राफ्ट काढणार असाल, व्हिस्पर (ओपनएआय कंपनीचं, आवाज ऐकून लिहून देणारं सॉफ्टवेअर) वगैरे वापरून, तर वेव्ह, मोनो (एकच चॅनल), १६ बिट, १६००० हर्ट्झ, एवढं पुरतं. व्हिस्पर स्वतःच आत सगळं १६००० वर आणून मग ऐकतं, त्यामुळे ४४१०० किंवा ४८००० ठेवून नुसती फाइल फुगते. हिशोब बघा, ४४१०० ची स्टिरिओ (दोन चॅनलची) वेव्ह तासाला साधारण ६३५ एमबी होते आणि १६००० मोनो ११५ एमबी, म्हणजे हॉस्टेलच्या वायफायवर अपलोड करायचं असेल तर कुठलं निवडाल. ओपनएआयच्या एपीआयवर, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, चढवणार असाल तर तिथे एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे, मग वेव्ह विसरा, ३२ केबीपीएस बिटरेटचं (सेकंदाला किती डेटा ते) मोनो एमपीथ्री करा, तासाभराची मुलाखत १५ एमबीच्या आत बसते. आणि उलटं कुणी सांगेल की एएमआर फाइल ४८००० ला कन्व्हर्ट केली की आवाज क्लिअर होतो, अजिबात ऐकू नका. फोनचं साधं एएमआर ८००० हर्ट्झचं असतं, त्यात जे रेकॉर्डच झालं नाही ते कन्व्हर्टर कुठून आणणार. स आणि श मधला फरक तिथे कानाला नीट कळत नाही, वाक्याच्या संदर्भावरून लिहायचं.

स्वतः कानाने ऐकून टाइप करणार असाल तर ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्री उत्तम, एक्स्प्रेस स्क्राइब, ओट्रान्स्क्राइब अशा ऐकून टाइप करायच्या टूलमध्ये सगळीकडे चालतं. फक्त बिटरेट कॉन्स्टंट ठेवा, व्हेरिएबल नको. व्हेरिएबलमध्ये मागे-पुढे उडी मारली की प्लेअर वेळ अंदाजाने काढतो आणि तुम्ही २३ मिनिटं १० सेकंद लिहिलेलं वाक्य क्लायंटला भलत्याच जागी सापडतं. नवीन लोकांच्या टाइमस्टॅम्पच्या तक्रारी बऱ्याचदा इथून येतात आणि बिचारे स्वतःच्या कानाला दोष देत बसतात.

स्टिरिओचं मात्र जरा सावकाश बघा, इथे घाईने मोनो करू नका. मार्केट यार्डातल्या हमालांच्या मुलाखतींचं काम होतं माझ्याकडे, रिसर्च करणाऱ्या मॅडमनी दोन कॉलर माइक लावलेले, डाव्या चॅनलला काका आणि उजव्या चॅनलला मॅडम. मागे टेम्पो रिव्हर्स येतोय, कुणीतरी पोत्यांचा आकडा ओरडतोय, आणि काका मधेच हळू आवाजात तोलाईचं काहीतरी सांगतायत तेवढ्यात मॅडमचा पुढचा प्रश्न त्यावर पडतो. ही फाइल मोनो केली असती तर दोघांचा आवाज एकात कालवला गेला असता आणि तिथे अस्पष्ट असं लिहावं लागलं असतं. ऑडॅसिटी या फुकटच्या ऑडिओ एडिटरमध्ये ट्रॅकच्या मेनूत स्प्लिट स्टिरिओ टू मोनो म्हणून ऑप्शन आहे, त्याने दोन्ही बाजू वेगळ्या होतात, मग काकांची बाजू एकटी ऐकली की ते वाक्य स्वच्छ मिळतं. वर कोण बोलतंय हे ओळखायचं कामही संपलं. कॉल सेंटरच्या रेकॉर्डिंगमध्ये पण बऱ्याचदा असंच असतं, एजंट एकीकडे आणि कस्टमर दुसरीकडे. आणखी एक, कधीकधी दोन चॅनलचे तरंग एकमेकांच्या बरोब्बर उलटे असतात, अशी फाइल मोनो केली की आवाज आवाजाला खातो आणि हातात जवळजवळ मुकी फाइल येते. तसं झालं तर घाबरू नका, ओरिजिनल घ्या आणि एकच बाजू वापरा.

टूल कुठलं, तर एखाद-दुसऱ्या फाइलला व्हीएलसीच पुरे. मीडिया मेनूत कन्व्हर्ट / सेव्ह, फाइल ऍड करा, प्रोफाइल निवडा, शेजारच्या पान्याच्या चिन्हावर क्लिक करून चॅनल १ आणि सॅम्पल रेट टाका. ऑडॅसिटी मला जास्त आवडतं कारण आवाजाचे तरंग डोळ्याला दिसतात, पंख्याची घरघर असेल तर ८०-१०० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढता येतं, पण विंडोजवर एमफोरए किंवा एएमआर उघडायला एफएफएमपेग लायब्ररी वेगळी टाकावी लागते. आणि ढीगभर फाइल असतील तर थेट एफएफएमपेगच शिका, ते कमांड टाइप करून चालवायचं असतं, काळी स्क्रीन बघून बिचकू नका, एकच ओळ आहे, इनपुट कोण, चॅनल किती, रेट किती, आउटपुट कुठे, तीच लूपमध्ये टाकली की अख्खा फोल्डर चहा होईपर्यंत तयार. नॉइज रिडक्शनचा मात्र मोह आवरा, जास्त ओढलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो, त्यापेक्षा मूळची खरखर बरी.

ऑनलाइन कन्व्हर्टर साइट टाळाच. मुलाखत देणाऱ्याने संमती दिलेली असते ती रिसर्चसाठी, कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर त्याचा आवाज चढवण्यासाठी नाही, आणि पेशंटचं डिक्टेशन असेल तर विषयच संपला. कन्व्हर्ट करायचं वरचं सगळं तुमच्याच लॅपटॉपवर फुकटात होतं.

ओरिजिनल फाइलला हात लावायचा नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून कॉपीवरच काम करायचं आणि कन्व्हर्ट करायचं ते दरवेळी ओरिजिनलवरूनच, कारण एमपीथ्रीचं परत एमपीथ्री केलं की दरवेळी थोडा आवाज जातो. क्लायंटला ड्राइव्हची लिंक टाकायला सांगा. व्हॉट्सॅपवरून ऑडिओ म्हणून आलेल्या फाइलची नावं बदलून एयूडी, तारीख आणि डब्ल्यूएच्या नंबरची होतात, मग चौदा मुलाखतींमधली ही कुणाची ते ऐकूनच शोधा. आणि हो, फाइल साफ करणं, चॅनल वेगळे करणं याचे पैसे रेकॉर्डिंगच्या मिनिटामागे ठरलेल्या रेटमध्ये आपोआप धरले जात नाहीत, ते कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकून मागा, पुण्यात घासाघीस होणारच पण ओळ लिहिलेली असली की निदान बोलायला जागा राहते.