उपकेंद्र आणि पंपहाउसचं कंपाउंड: या चुका टाळा

३३/११ केव्हीचं उपकेंद्र असो की नदीकाठचं पंपहाउस, कंपाउंडचं एस्टिमेट बहुतेक वेळा दोनच आकड्यांवर बनतं: उंची किती आणि रनिंग मीटरला दर काय. चोराचा आकडा वेगळा असतो. आत शिरायला किती मिनिटं लागतील, एवढंच तो बघतो. तांबं किंवा ट्रान्सफॉर्मरचं ऑइल न्यायला आलेल्याकडे कटर असतो, पहार असते आणि आडबाजूच्या उपकेंद्रावर अख्खी रात्र असते.

म्हणून आधी एक प्रश्न सोडवा. रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर माणूस जागेवर किती मिनिटांत पोचतो? उत्तर पाच मिनिटं असेल तर चांगल्या जाळीने काम भागतं. पंचवीस मिनिटं असेल तर बाहेरचं कोणतंही एकटं कुंपण तेवढा वेळ धरणार नाही. अशा ठिकाणी सगळा पैसा बाहेरच्या जाळीत घालू नका. थोडा शोधयंत्रणेला ठेवा, थोडा बॅटरी रूम आणि केबल स्टोअरच्या दारं-खिडक्यांना. एलपीएस ११७५ हे ब्रिटिश मानक याच हिशोबाने चालतं. त्यातलं अक्षर हत्यारांचा गट सांगतं आणि आकडा मिनिटं, म्हणजे ‘बी३’ म्हणजे बी गटातल्या हत्यारांपुढे तीन मिनिटं. विक्रेता नुसतं ‘हाय सिक्युरिटी’ म्हणत असेल तर कोणत्या हत्याराला किती मिनिटं, हे लेखी मागा.

१.८ मीटर म्हणजे झालं, असं समजणं

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत उघड्यावरच्या उपकेंद्राला किमान १.८ मीटर कुंपण सांगितलं आहे. ती उंची चुकून आत येणाऱ्यांना अडवण्यासाठी आहे. ठरवून येणाऱ्यासाठी २.४ मीटर जाळी आणि वर धारदार कॉइल (पात्यांच्या तारेची वेटोळी), इथून विचार सुरू करा. उंची नेहमी बाहेरच्या बाजूने मोजा. शेजारचा रस्ता भर घालून वर आला, कोणी मुरमाचा ढीग टाकला, की कागदावरचे २.४ मीटर जागेवर १.९ होतात. बाहेर जाळीला टेकून असलेला विजेचा खांब, बाभळीची फांदी आणि आत जाळीलगत रचलेले रिकामे केबल ड्रम ही फुकटची शिडी आहे. आतून तीन मीटरचा पट्टा मोकळा ठेवा. आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला आल्या तर कुंपणच शिडी होतं.

चेनलिंकला सगळीकडे एकच उत्तर मानणं

चेनलिंक म्हणजे एकमेकींत विणलेल्या तारांची जाळी. ती स्वस्त आहे, उंचसखल जागेवर बसते आणि हद्द दाखवायला उत्तम आहे. तिची खोट विणीत आहे. एक तार वर-खाली सोडवून फिरवत बाहेर काढली की दोन पदर वेगळे होतात आणि माणूस जाईल एवढी फट पडते. आवाजही फारसा होत नाही.

तारेच्या जाडीत तर राजरोस फसगत होते. गेज हे तारेच्या जाडीचं माप, आकडा वाढला की तार बारीक. ८ गेज म्हणजे ४.०६ मिलिमीटर, १० गेज ३.२५. आकडे जवळचे दिसतात, पण १० गेजच्या तारेत पोलाद ३६ टक्क्यांनी कमी असतं. ‘पीव्हीसी कोटेड ४ एमएम’ लिहिलेलं असेल तर तो आकडा बहुधा प्लास्टिक धरून असतो. टोकाचं प्लास्टिक खरवडा, आतल्या तारेला व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावा आणि टेंडरमध्येच ‘आतील तारेचा व्यास’ असे शब्द घाला.

महत्त्वाच्या भागाला वेल्डेड ३५८ जाळी बरी. नाव मापांवरून पडलं आहे: ३ इंच, अर्धा इंच, ८ गेज. तारांचं अंतर ७६.२ बाय १२.७ मिलिमीटर, आणि ४ मिलिमीटरच्या तारा वजा केल्या की मधली फट जेमतेम ८.७ मिलिमीटर उरते. बोट शिरत नाही, बूट टेकत नाही, बोल्ट कटरचा जबडा नीट बसत नाही. पॅनल खांबाच्या बाहेरच्या अंगाला आणि नट आतल्या अंगाला हवेत. नट बाहेर आले तर चोराला पाना पुरतो, कटर लागतच नाही. जिथे नट बाहेर ठेवण्यावाचून इलाज नाही तिथे डोकं तुटणारे शिअर नट लावा. या जाळीची एक अडचण माहीत असू द्या: तिरप्या कोनातून ती जवळजवळ भिंतीसारखी दिसते. कॅमेरा जाळीच्या रेषेत बसवला तर पलीकडचं काही दिसत नाही.

जुन्या खांबांवर नवी जाळी

हा मोह फार होतो, कारण खांब ‘चांगले’ दिसतात. वाऱ्याचा हिशोब करून बघा. वाऱ्याच्या भाराच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबई आणि नागपूरचा ४४. पुण्याचा आकडा धरला तर दाब चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास येतो. खांब २.५ मीटरवर आणि उंची २.४ मीटर असेल तर एका खांबाच्या वाट्याला ६ चौरस मीटर जाळी येते. ५० मिलिमीटरच्या चेनलिंकमध्ये भरीव भाग सुमारे १५ टक्के, म्हणजे भार ८४ किलो. ३५८ मध्ये भरीव भाग ३५ टक्के, भार १९५ किलो. आणि कोणी ‘आतलं दिसू नये’ म्हणून पत्रा मारला तर साडेपाचशेच्या वर. हा ढोबळ हिशोब आहे, त्यात आकाराचे गुणांक धरलेले नाहीत, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे. पहिल्या वळवात खांब झुकतात ते यामुळेच.

काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया दरवर्षी थोडा वर ढकलला जातो. ६०० मिलिमीटरचा ठरावीक खड्डा इथे चालत नाही. खाली कडक मुरूम लागेपर्यंत जा, किंवा खाली फुगीर बल्ब असलेलं अंडर-रीम्ड पाइल घ्या. पायाचं डोकं जमिनीच्या थोडं वर आणि उताराचं करा. सपाट ठेवलं तर खांबाच्या बुडाशी पाणी साचतं आणि गंज तिथूनच लागतो. पोकळ खांबाला वरून टोपी हवीच.

चेनलिंक सैल पडत असेल तर आधी जाळी न ओढता कोपऱ्याचा खांब ओळंब्यात आहे का बघा. कोपरे, फाटकाच्या दोन्ही बाजू, दिशा बदलते ती जागा आणि सरळ ओळीत साधारण दर ३० मीटरवर तिरपा आधार असलेला खांब लागतो. एस्टिमेटमध्ये सगळे खांब एकाच मापाचे धरलेले असतात, हीच मूळ चूक.

अर्थिंग ‘नंतर बघू’

उपकेंद्रात ही चूक जिवावर बेतू शकते. बिघाड होऊन जमिनीत फॉल्टचा करंट गेला की अर्थ मॅटचं, म्हणजे उपकेंद्राखाली गाडलेल्या अर्थिंगच्या जाळ्याचं, व्होल्टेज वर जातं. कुंपणाला हात लावून बाहेर उभा असलेला माणूस वेगळ्या पातळीवरच्या जमिनीवर असतो. त्यावर दोन मार्ग आहेत. एक, कुंपण मॅटला जोडायचं आणि मॅट कुंपणाबाहेर एक मीटर न्यायची, म्हणजे हात लावणारा मॅटवरच उभा असतो. दोन, कुंपण आतल्या अर्थ केलेल्या सांगाड्यांपासून किमान दोन मीटर लांब ठेवायचं आणि त्याला स्वतंत्र इलेक्ट्रोड (जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या कांब्या) द्यायचे.

कोणताही एक निवडा आणि तोच पाळा. दुसरा मार्ग सहसा नंतर बिघडतो. वर्षभराने कोणीतरी कुंपणाच्या खांबाला सीसीटीव्ही बसवतो, केबलचं आर्मर (वरचं धातूचं कवच) कंट्रोल रूममध्ये अर्थ केलेलं असतं, आणि वेगळं ठेवलेलं कुंपण गुपचूप मॅटला जोडलं जातं. शेजारच्या शेताची तार तुमच्या खांबाला बांधलेली असेल तर तेच व्होल्टेज शेतात पोचतं. ती तार सोडवा आणि मध्ये मोकळी जागा किंवा इन्सुलेटेड तुकडा ठेवा. पावडर कोटिंग केलेल्या क्लॅम्पमधून वीजजोड मिळेल असं धरू नका, खांबाखांबाला पट्टी जोडा. पीव्हीसीचं आवरण म्हणजे इन्सुलेशन नव्हे. फाटकाच्या पानाला लवचीक तांब्याची वेणी हवी. पान बाहेर उघडत असेल तर त्याच्या फिरण्याच्या टप्प्याखालीही मॅट न्या, नाहीतर ते आत उघडणारं करा.

कॉइल ताणून पैसे वाचवणं

दहा मीटरसाठी आलेली कॉइल पंधरा मीटर ताणली की वेटोळ्यांमधली फट एवढी वाढते की गोणपाट टाकून माणूस पलीकडे जातो. उत्पादकाने दिलेली ताणाची लांबी आणि त्यातली वेटोळी टेंडरमध्ये लिहा, जागेवर मोजा. नुसती स्प्रिंगसारखी कॉइल एका जागी कापली की उलगडते. क्लिप मारलेली घ्या, ती कापली तरी बाकीची जागेवर राहते.

गंज रोखणारा झिंकचा थर (गॅल्वनाइजिंग): ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादाला आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन. कोकणपट्टीत याच्या खाली जाऊ नका, वर रंगाचा थर द्या. गॅल्वनाइज झाल्यावर जागेवर वेल्डिंग केलं की तिथला झिंक जळतो आणि दोन पावसाळ्यांत तांबूस ओघळ दिसतात. झालंच असेल तर घासून झिंक-रिच पेंट लावा, चंदेरी रंग नको.

खालची फट आणि नाला

फट ५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. खाली काँक्रीटची पट्टी किंवा ३०० मिलिमीटर गाडलेली जाळी घ्या. नाला ओलांडताना माणूस शिरू शकेल असं भोक ठेवू नका, पण बारीक जाळीही घट्ट बसवू नका. पहिल्या पुरात कचरा अडकतो, पाणी तुंबतं आणि कुंपणच वाहून जातं. उभ्या सळयांची, वर बिजागरी आणि आतून कुलूप असलेली जाळी बसवा आणि जूनच्या आधी साफ करा.

जाळी हलली की अलार्म देणाऱ्या, कुंपणावरच्या सेन्सर केबलचे खोटे अलार्म बहुतेक वेळा केबलचे नसतातच. सैल जाळी, खडखडणारी कॉइल, चढलेले वेल आणि उन्हाने तुटलेले टाय, या क्रमाने तपासा. संवेदनशीलता कमी करणं हा शेवटचा उपाय.

खांब रोवण्याआधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. नाहीतर वर्षाने पन्नास खांब उपटून पुन्हा रोवावे लागतात.

फाटक जाळीच्याच उंचीचं आणि त्याच जाळीने भरलेलं हवं, खालची फटही तेवढीच. शेवटचं बिल पास करण्याआधी फाटक बंद करा, कुलूप लावा आणि दोघांनी मिळून पान बिजागरीतून वर उचलून बघा. उचललं गेलं तर वरची बिजागरी उलटी बसवून घ्या आणि मगच सही करा.