पुद्दुचेरीचा खाद्यप्रवास कसा आखावा

पुद्दुचेरीला जाणारे बहुतेक प्रवासी पिवळ्या भिंतींच्या फ्रेंच वस्तीत उतरतात, तिथल्याच एखाद्या कॅफेत क्रोसाँ खातात, रात्रीही तिथेच जेवतात आणि दोन दिवसांनी परततात. ते पदार्थ वाईट नसतात, पण त्यांवरून या शहराची चव कळत नाही. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये इथे बस्तान बसवले आणि डच व इंग्रजांच्या ताब्याचे मधले काळ वगळता १९५४ पर्यंत हे बंदर फ्रेंचांकडेच राहिले. एवढ्या काळात तमिळ घरांतल्या स्वयंपाकात फ्रेंच पदार्थ शिरले, बदलले, आणि पुढे त्यांत व्हिएतनामचीही भर पडली. म्हणून इथे खाण्याचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी तमिळ, मग क्रिओल, म्हणजे तमिळ आणि फ्रेंच स्वयंपाकाच्या मिश्रणातून घडलेले, आणि सर्वांत शेवटी फ्रेंच. मूळ तमिळ चव जिभेवर असल्याशिवाय तिच्यात काय मिसळले आणि काय वगळले गेले, हे समजत नाही. त्यासाठी पूर्ण तीन दिवस हाताशी ठेवावेत.

हंगाम आणि मुक्काम

जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि वादळामुळे बेत फिसकटू शकतो. मासे खाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कोकणात मासेमारीबंदी पावसाळ्यात येते, पण पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवस असते. या काळात यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, फक्त लहान होड्या जातात, त्यामुळे नेमक्या आपल्या उन्हाळी सुट्टीत तिथे मोठे मासे कमी आणि महाग मिळतात.

दादरहून पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गाने चालुक्य एक्सप्रेस थेट पुद्दुचेरीला जाते, मात्र ती रोज नसते. विमानाने जायचे असल्यास चेन्नईला उतरून किनाऱ्यालगतच्या रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर प्रवास करावा लागतो. शहराच्या मधून समुद्राला समांतर एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेला फ्रेंच वस्ती आहे आणि पश्चिमेला तमिळ वस्ती. राहण्याची जागा या कालव्याजवळ, शक्यतो पश्चिमेच्या बाजूला घ्यावी, म्हणजे दोन्हीकडे पायी जाता येते. रस्ते काटकोनात आखलेले असल्याने वाट चुकण्याची भीती फारशी नाही.

पहिला दिवस: कालव्याच्या पश्चिमेला

सकाळी सात-साडेसातला गुबेर मार्केट गाठावे. महात्मा गांधी रस्ता आणि नेहरू रस्ता यांच्या परिसरातल्या या मंडईत मासे, भाज्या, फुले आणि मसाले यांचे वेगवेगळे भाग आहेत. खरेदी करायची नसली तरी मासळीच्या भागात थोडा वेळ काढावा, कारण दुपारी हॉटेलात कोणता मासा मागायचा हे इथेच ठरते. नावे आधीच ओळखीची करून घ्यावीत: वंजिरम म्हणजे आपली सुरमई, वव्वाल म्हणजे पापलेट, सुरा म्हणजे मुशी, इराल म्हणजे कोळंबी आणि नंडू म्हणजे खेकडा. त्या दिवशी ज्या माशाची आवक चांगली दिसेल तोच मागावा. भोजनालयाची पाटी काय म्हणते याला दुय्यम महत्त्व द्यावे.

बाजारातून निघाल्यावर न्याहारी तमिळ पद्धतीचीच करावी. वेण पोंगल, म्हणजे तांदूळ आणि मूगडाळीची मऊ खिचडी, मेदूवडा आणि फिल्टर कॉफी हा उत्तम बेत आहे. नेहरू रस्त्यावरचे इंडियन कॉफी हाउस जुने आहे आणि तिथे घाई न करता बसता येते. त्यानंतर वैश्याळ रस्ता आणि रंगपिळ्ळै रस्ता या भागात फिरावे. गव्हर्नर ड्यूप्लेक्सचे दुभाषी आनंद रंग पिळ्ळै, ज्यांची १७३६ पासूनची रोजनिशी प्रसिद्ध आहे, त्यांचा वाडा याच भागात आहे. खाली तमिळ पद्धतीचे लाकडी खांब आणि वर फ्रेंच पद्धतीची खांबांची रांग अशी त्याची रचना आहे, आणि इथल्या स्वयंपाकाची घडणही साधारण अशीच झाली.

दुपारचे जेवण साडेबारा ते दोनच्या दरम्यान केळीच्या पानावर घ्यावे. ज्याला तिथे नुसते ‘मील्स’ म्हणतात, त्यात भात मुख्य असतो आणि त्यावर सांबार, कुळम्बू (चिंचेचा आंबट-तिखट रस्सा), रसम आणि शेवटी ताक अशा क्रमाने वाढले जाते. सगळे एकदम कालवू नये. प्रत्येकासाठी भात वेगळा घ्यावा. मांसाहारी भोजनालयात माशाचा कुळम्बू अवश्य घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी क्रिओल रस्सा चाखताना तुलनेला तो लागणार आहे. मुशी उकडून, कुस्करून, कांदा-लसणीबरोबर परतून केलेले सुरा पुट्टू मिळाले तर तेही सोडू नये. शाकाहारी वाचकांनी ‘सैवम’ अशी पाटी असलेली जागा शोधावी. तिथे मांसमच्छी शिजवली जात नाही.

संध्याकाळी समुद्रकाठच्या गुबेर मार्गावर जावे. रात्री हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो. फेरीवाल्यांकडचे सुंडल, म्हणजे ओले खोबरे घातलेले उकडलेले कडधान्य, ही या वेळची योग्य गोष्ट आहे. रात्री पोटात जागा असेल तर कोत्तु परोटा, म्हणजे तव्यावर तुकडे करून मसाल्यात परतलेला परोटा, खावा, नाहीतर लवकर झोपावे.

दुसरा दिवस: क्रिओल घरचे जेवण

या प्रवासातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त पूर्वतयारी मागणारा भाग हाच आहे. क्रिओल स्वयंपाक मुख्यतः घरांतला आहे, हॉटेलांत तो कमी सापडतो. त्यामुळे निघण्यापूर्वीच आपल्या मुक्कामाच्या जागी फोन करून, क्रिओल जेवण कोणत्या घरी किंवा कोणत्या जुन्या वाड्यातल्या उपाहारगृहात मिळेल, ते विचारावे आणि किमान एक दिवस आधी मागणी नोंदवावी. काय मागायचे तेही स्पष्ट सांगावे. फ्रान्समधल्या मार्सेय शहराच्या माशांच्या सुपावरून आलेला, पण हळद पडलेला पुयाबेस, मांस आणि बटाट्याचे रागू, आणि नारळाच्या दुधातला माशाचा किंवा कोंबडीचा रस्सा ही नावे पुरेशी आहेत. जेवताना पहिल्या दिवशीचा कुळम्बू आठवावा. इथे तिखट उतरलेले असते, चिंचेचा जोर कमी झालेला असतो, बडीशेप आणि नारळाचे दूध पुढे आलेले असते, आणि पदार्थ पानावर एकत्र न येता फ्रेंच पद्धतीने एकामागून एक येतात. हा फरक लक्षात येणे हेच या दिवसाचे खरे फळ आहे.

याच दिवशी वडगम पाहून घ्यावे. लहान कांदे, लसूण, उडीद डाळ, मोहरी, मेथी, जिरे, हळद, कढीपत्ता आणि एरंडेल तेल यांचे हे गोळे कित्येक दिवस उन्हात वाळवतात, आणि आपल्या सांडग्यांसारखी त्यांचीही वर्षाची बेगमी केली जाते. फ्रेंचांनी हा मसाला उचलला, सौम्य केला आणि तो ‘वादुवान’ या नावाने फ्रान्सच्या स्वयंपाकघरांत पोहोचला.

व्हिएतनामी पदार्थ दिसले की अनेकांना ती अलीकडची फॅशन वाटते, पण त्यामागे जुना इतिहास आहे. १८८१ च्या हुकुमानुसार ज्यांनी आपला पारंपरिक व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच कायदा स्वीकारला, अशा कुटुंबांतले कित्येक जण तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या व्हिएतनाममधल्या सायगावला सैनिक, कारकून, पोलीस म्हणून गेले. त्यांच्यातली काही कुटुंबे परतली, ती तिथला स्वयंपाक घेऊनच. तांदळाच्या पातळ पापुद्र्यात सारण भरून तळलेले नेम, ज्याला इथे चायो असेही म्हणतात, संध्याकाळी खावेत. सोबत पाने आणि आंबट-गोड पाणी असते. डिसेंबरच्या अखेरीस गेल्यास विविकम या रव्याच्या, रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याच्या नाताळी केकची चौकशी करावी. त्यात अंडी असतात.

तिसरा दिवस: पाव, चीज आणि फ्रेंच ताट

आता फ्रेंच वस्तीत यावे. ‘बागेत’ (baguette) हा लांब फ्रेंच पाव सकाळीच घ्यावा, कारण पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावरच तो होतो आणि काही तासांत कडक पडतो. लाल बहादूर शास्त्री रस्ता, म्हणजे जुना बुसी रस्ता, आणि त्याच्या आसपास बेकऱ्या आहेत. पाव घेऊन किनाऱ्यावरच्या जुन्या बंदर कचेरीतल्या ल काफेमध्ये कॉफी घ्यावी. तिथे पदार्थांपेक्षा जागेचे मोल जास्त आहे. क्रेप (पातळ फ्रेंच धिरडे) आणि कीश (सारण भरून भाजलेला खारा पाय) यांत अंडी असतात आणि सुपात अनेकदा मांसाचे पाणी असते, हे शाकाहारी मंडळींनी मागणीपूर्वी विचारून घ्यावे.

दुपारी सुमारे दहा किलोमीटरवरच्या ऑरोव्हिलला जावे. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी स्थापन झालेल्या या वसाहतीत बेकऱ्या, शेते आणि चीज बनवणारी दुग्धशाळा आहे. तिथल्या सौर स्वयंपाकघराच्या छतावर १५ मीटर व्यासाचा परावर्तक असून त्याच्या उष्णतेने तयार होणारी वाफ स्वयंपाकाला वापरतात. संध्याकाळी परतून फ्रेंच रेस्तराँत जेवावे. स्वयंपाकघर साधारण सातला सुरू होते आणि बऱ्याच जागा आठवड्यातून एक दिवस बंद असतात, म्हणून टेबल आधी राखून ठेवावे.

घरी नेण्यासाठी चीज अगदी शेवटी घ्यावे आणि बर्फाच्या पाकिटासह बांधून घ्यावे. रेल्वेच्या लांब प्रवासात ते टिकत नाही. वडगम मात्र मंडईतून मोकळ्या हाताने घ्यावे. हवाबंद बरणीत ते महिनोन्‌महिने राहते. फोडणीत तेल तापल्यावर एक गोळा कुस्करून मंद आचेवर टाकावा, करपू न देता तांबूस होऊ द्यावा आणि मग त्यावर सुरमईचा रस्सा किंवा साधे वरण ओतावे.