अँजिओप्लास्टीत पेशंटला जादा रेडिएशन बसतं ते कुठे? या चुका टाळा

अँजिओप्लास्टी होऊन दोन-तीन आठवडे झालेत आणि पाठीवर, बहुतेकदा उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, लालसर चट्टा उठलाय. जत, आटपाडी, तासगाव भागातला पेशंट तो गावच्या डॉक्टरांना दाखवतो. कुणी नायटा म्हणतं, कुणी नागीण, कुणी द्राक्षबागेतल्या फवारणीची अ‍ॅलर्जी. मलम बदलत राहतं, चट्टा तसाच. त्याच्या कडा सरळ आहेत का, आकार चौकोनी आहे का, हे पाहिलं तर उलगडा होतो, कारण अँजिओप्लास्टी ज्या एक्स-रेखाली होते त्याचा झोत चौकोनी असतो. असे चट्टे क्वचितच येतात, पण येतात तेव्हा त्यामागे बहुधा टाळता येण्याजोग्या चुकांची साखळी असते. सांगली-मिरजेच्या कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी होते त्या एक्स-रे खोलीत) काम करणाऱ्यांनी आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ती ओळखावी, म्हणून हे लिहितो आहोत.

टेबल खाली, डिटेक्टर वर

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. एक्स-रे सोडणारी ट्यूब टेबलाखाली असते आणि चित्र टिपणारा डिटेक्टर पेशंटच्या वर. हात सुखाने पोचावेत म्हणून टेबल खाली घेतलं, की पेशंटची पाठ ट्यूबजवळ जाते. अंतराच्या वर्गाचा नियम इथे थेट लागतो: ट्यूबपासून पाठ 75 सेंटिमीटरवर असताना त्वचेवर जेवढा डोस पडतो, त्याच्या दीडपटीहून जास्त 60 सेंटिमीटरवर पडतो. डिटेक्टरचं गणित उलटं. तो छातीला जवळजवळ टेकलेला हवा. तो ट्यूबपासून 100 वरून 110 सेंटिमीटरवर गेला, तर चित्र तेवढंच उजळ ठेवण्यासाठी मशीन आपोआप सुमारे 20 टक्के जास्त डोस देतं. अँगल बदलताना डिटेक्टर वर घेतला जातो आणि तिथेच विसरला जातो. प्रत्येक व्ह्यूनंतर (अँगलनंतर) तो खाली आणणं ही टेक्निशियनची सवयच व्हायला हवी.

मिनिटं म्हणजे डोस नव्हे

केस पेपरवर 'फ्लुरो टाइम 12 मिनिटे' एवढंच लिहून थांबू नका. फ्लुरो म्हणजे काम करताना पडद्यावर दिसणारा कमी डोसचा चालता एक्स-रे, सिने म्हणजे नोंदीसाठीचं जास्त स्पष्ट चित्रण. त्या आकड्यात सिने धरलेलं नसतं, पेशंटची जाडी आणि अँगलही नसतो. सिनेच्या एका फ्रेमला फ्लुरोच्या फ्रेमपेक्षा साधारण दहापट डोस लागतो. सेकंदाला 15 फ्रेमने 5 सेकंद सिने घेतलं तर 75 फ्रेम होतात. 7.5 फ्रेमच्या फ्लुरोने हिशोब केला, तर तेवढ्या डोसमध्ये 1 मिनिट 40 सेकंद फ्लुरो चालली असती. म्हणून बलून फुगल्याची नोंद ठेवायची असेल तर फ्लुरो सेव्ह (फ्लुरोचंच चित्र साठवणं) पुरतं, त्यासाठी सिने नको. फ्रेम रेट 15 वरून 7.5 केला की डोस जवळपास अर्धा होतो. काही मशीन प्रत्येक पल्सचा डोस थोडा वाढवतात, त्यामुळे अगदी अर्धा होईलच असं नाही.

आणि नजर पडद्यावर नसेल तेव्हा एक्स-रे सुरू करणाऱ्या पेडलवर पाय नको. वायर बदलताना, सिस्टरशी बोलताना, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून देतात ते औषध) भरताना पाय तिथेच राहतो. शेवटचं चित्र पडद्यावर थांबलेलं असतंच, विचार त्यावर करा.

लक्षात ठेवायचे आकडे दोन. एक एअर कर्मा: ठरलेल्या बिंदूवर साचलेला डोस, जो त्वचेच्या धोक्याचा अंदाज देतो. दुसरा डीएपी: डोस गुणिले झोताचं क्षेत्रफळ, जो एकूण शरीराच्या धोक्याशी जुळतो. डोसचं एकक ग्रे, पण डीएपीच्या एककात मोठा घोळ होतो. 1 ग्रे-चौरस सेंटिमीटर म्हणजे 100 मायक्रोग्रे-चौरस मीटर, किंवा 1000 मिलिग्रे-चौरस सेंटिमीटर. एका मशीनवरचं 5000 आणि दुसऱ्यावरचं 50 हा एकच डोस असू शकतो. एकक न लिहिलेल्या नोंदीचा पुढच्या डॉक्टरला काडीचा उपयोग नाही.

एकाच अँगलला अडून बसणं

जुना, पूर्ण बंद झालेला ब्लॉक उघडताना एकाच व्ह्यूमध्ये तासभर काम चालतं आणि सगळा डोस पाठीच्या एकाच तुकड्यावर साचतो. त्यातही एलएओ क्रेनियल आणि स्पायडर हे तिरपे व्ह्यू महागात पडतात, कारण झोताला तिरपं, लांब अंतर कापावं लागतं. शरीराची जाडी 3-4 सेंटिमीटरने वाढली की डोस ढोबळमानाने दुप्पट होतो. स्थूल पेशंटमध्ये ही वाढ वरचेवर साचत जाते. काम अडत नसेल तर अधूनमधून अँगल पुरेसा बदला, म्हणजे झोत त्वचेच्या दुसऱ्या भागावर पडेल. कोलिमेटर (झोत अरुंद करणाऱ्या पट्ट्या) आत घेतलेला असेल तर दोन अँगलचे चौकोन एकमेकांवर चढत नाहीत. मॅग्निफिकेशन गरजेपुरतंच. हात झोतात येऊ देऊ नका. पेशंटच्या पोटावर टाकलेला लेड एप्रन झोतात सरकला तर मशीन डोस वाढवतं, संरक्षण होत नाही.

एअर कर्मा 3 ग्रे झाला की टेक्निशियनने मोठ्याने सांगावं, पुढे दर 1 ग्रेला पुन्हा. हे ऐकून केस थांबवायचीच असं नाही. अँगल, फ्रेम रेट, कोलिमेशन यांचा विचार मात्र त्याच क्षणी व्हावा. कर्मचाऱ्यांसाठी एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) वार्षिक मर्यादा ठरवली आहे. पेशंटसाठी अशी मर्यादा नाही, तिथे गरज हाच निकष. त्यामुळे मोजणं आणि बोलणं एवढंच हाती उरतं.

घरी पाठवताना

5 ग्रे ओलांडले तर पेशंटला आणि नातेवाइकांना स्पष्ट सांगा, डिस्चार्ज कार्डावर आकडा लिहा आणि 2 ते 4 आठवड्यांनी पाठ तपासायला बोलवा. पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून घरच्या कुणालातरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. 2 ग्रेच्या पुढे लाली येऊ शकते. डोस 10 ग्रेच्या वर गेला तर काही महिन्यांनीही जखम होऊ शकते. अँजिओग्राफी आज आणि अँजिओप्लास्टी महिन्याभरात असेल, तर 60 दिवसांतले डोस एकत्र धरा. मधल्या काळात हॉस्पिटल बदललं तरी त्वचा तीच असते.

तालुक्याच्या डॉक्टरांना एक कळकळीची विनंती. असा चट्टा दिसला तर 'छातीची तार कधी टाकली?' हे आधी विचारा. घाईने बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणी) करू नका. रेडिएशनने दुखावलेल्या त्वचेवरची ती छोटी जखमही सहज भरत नाही. केस केलेल्या हॉस्पिटलला फोन करा आणि डोसचा आकडा मागून घ्या.

अँजिओग्राफीची सीडी हरवणं ही पेशंटकडून होणारी मोठी चूक. मिरजेत अँजिओग्राफी केली आणि दुसरं मत घ्यायला कोल्हापूर किंवा पुण्याला गेलात, तर सीडी नसल्यास तपासणी पुन्हा होऊ शकते. एका साध्या अँजिओग्राफीत साधारण 7 मिलिसिव्हर्ट (एकूण शरीराच्या धोक्याचं एकक), अँजिओप्लास्टीत 15 च्या आसपास डोस बसतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतो. फाइलमध्ये सीडीसोबत कॅथ रिपोर्टही ठेवा. पाळी चुकली असेल तर आधीच सांगा.

रेडिएशन अंगात साठून राहतं, भरपूर पाणी प्यायल्याने निघून जातं, असं अनेकांना वाटतं. पेडलवरून पाय उचलला की एक्स-रे संपतात, अंगात किरण उरत नाहीत; त्वचेवरचा परिणाम तेवढा मागे राहतो. पाणी प्यायला सांगतात ते कॉन्ट्रास्ट लघवीवाटे जावं म्हणून. आणि हार्ट अटॅक आलेल्या माणसाची अँजिओप्लास्टी रेडिएशनच्या भीतीने थांबवू नका. तिथे दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि त्या नुकसानीपुढे हा डोस फार लहान आहे.