कांगारूंच्या वाटेवर गाडी चालवताना

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकावरचा सूर्यास्त पाहून रात्रीच साडेचारशे किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला परतायचा बेत असेल, तर तो आधी मोडा. मुक्काम जवळच्या युलारात करा. कांगारू चरायला निघतात ते संध्याकाळी, आणि पहाटेपर्यंत रस्त्याच्या आसपास असतात. पावसाचं पाणी डांबरावरून कडेला ओघळतं, तिथलं गवत जास्त हिरवं राहतं, म्हणून ते तिथेच येतात. गाडी भाड्याची असेल तर करारही वाचा. गावाबाहेर रात्री चालवायला अनेक कंपन्या मनाई करतात.

१. प्रवास उजेडात संपवा. बाकी सगळे उपाय याच्यापुढे दुय्यम आहेत.

२. अंधार पडलाच तर वेग कमी करा. ताशी ११० ला गाडी सेकंदाला तीस मीटर पुढे जाते; कांगारू दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत बरंच अंतर संपलेलं असतं. समोरून वाहन नसेल तेव्हा हाय बीम ठेवा. एक कांगारू उडी मारून पलीकडे गेला म्हणून सुटलो असं समजू नका, मागून दुसरा येतोच.

३. आडवा आलाच तर स्टिअरिंग सरळ धरून जोरात ब्रेक दाबा. हे सगळ्यांत अवघड, कारण हात आपोआप वळतो. पण कडेच्या खडीवर चाक गेलं की गाडी उलटू शकते, झाडावरही आदळू शकते. मोठा लाल नर ऐंशी-नव्वद किलोचा असतो, बॉनेट चेपेल. तरी उलटण्यापेक्षा ते परवडलं.

४. नेहमीच तिकडे फिरणार असाल तर गाडीच्या पुढे बुल बार, म्हणजे धडक झेलणारी धातूची चौकट, बसवा, पण एअरबॅगशी जुळणाराच. त्याने रेडिएटर वाचतो. शिट्ट्या वाजवणाऱ्या यंत्रांवर पैसे घालवू नका. मेलबर्न विद्यापीठाच्या चाचण्यांत असं एक यंत्र कांगारूंना हटवू शकलं नव्हतं.

५. धडक बसल्यावर रस्त्यापासून दूर थांबा, हॅझर्ड लाइट लावा. खाली कूलंट गळतंय का बघा. गळत असेल तर इंजिन बंदच ठेवा आणि गाडी सोडून चालत निघू नका. गाडीत पिण्याचं पाणी भरपूर हवं ते यासाठीच. कुणाला इजा झाली असेल तर ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. मोबाइलला रेंज नसणारे पट्टे लांबलचक आहेत, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) जवळ ठेवा.

६. मादी मेली असेल आणि रस्ता सुरक्षित असेल तर पिशवी तपासा. पिल्लू आचळाला चिकटलेलं असेल तर ओढू नका. वन्यजीव बचाव संस्थेला फोन लावून ते सांगतील तसं करा.