बटईनं, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसताय, पीककर्ज हवंय? मग हे करा
१ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं कसणाऱ्याला मालक केलं, फार मोठं काम झालं ते, पण कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती मालकांच्या मनात आजही आहे, म्हणून बटई तोंडीच ठरते, सातबाऱ्यावर आपलं नाव नाही आणि बँकेत पहिला प्रश्न तोच, सातबारा कुठाय? मग खताची पोती दुकानदाराकडून उधार आणि कापूस पण त्यालाच घालायचा.

तर गावातलेच ४ ते १० बटईदार जमवा, जेएलजी म्हणजे संयुक्त देयता गट (एकमेकांच्या कर्जाला सगळे जबाबदार) करून बँकेत अर्ज द्या. मॅनेजर नाही म्हणाले तर सांगा, साहेब, किसान क्रेडिट कार्डात तोंडी बटईवाले पण बसतात. माणसं मात्र पारखून घ्या, एकानं थकवलं की सगळा गट अडकतो.